ऑर्गन ओरडला ती सकाळ

१

सोमवारी सकाळी साडेसहाला प्रार्थनाभवनातला ऑर्गन आपोआप ओरडला आणि पाठोपाठ चिऊ पडली.

एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. हजर असलेल्या तेवीस माणसांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. गाणं रंगात आलेलं असताना ऑर्गनमधून दहाबारा सूर एकदम बाहेर पडले, जनावर हंबरावं तसे, आणि थांबेचनात. गायकांच्या दुसऱ्या पायरीवर उभी असलेली चिऊ ताठ झाली, तिचे डोळे फिरले आणि ती कपाळावर आपटली. रुग्णालयात नेईपर्यंत तिला एकामागून एक तीन झटके आले. सात महिन्यांत एकही झटका न आलेली ही वीस वर्षांची पोर येत्या रविवारी मंडळीपुढे उभी राहून साक्ष देणार होती, की मी प्रार्थनेनं बरी झाले.

लोकांनी दोन आणि दोन चार केले. दुष्टात्मा आधी ऑर्गनात शिरला आणि तिथून पोरीत.

चिऊच्या आत्याला हे कळलं गुरुवारी, तेही भावाकडून नाही, वहिनीकडून. फोनवर वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, या. उद्याच्या आत या." आत्यानं पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि पहिली बस पकडली. एकतीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढलेली बाई ती. देवावर तिची श्रद्धा होती आणि डोसावरही, आणि या दोघांचं भांडण असू शकतं हे तिला कधी पटलं नव्हतं.

भाऊ वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता. तो चिऊचा बाप, बेकरीवाला. पहाटे तीनला उठायची सवय, त्यामुळे डोळे नेहमीच लाल, पण आज चेहराही उतरलेला.

"चार दिवस झाले. मला सांगायचं कुणी?" आत्या कडाडली.

"तू येऊन काय करणार होतीस, ताई? हे औषधाचं काम नाही. उद्या संध्याकाळी तिला प्रार्थनाभवनात नेतोय. तीन दिवस सुटकेची प्रार्थना. अन्न नाही, पाणी नाही. बायबलात लिहिलंय तसा, गेलेला आत्मा सात जणांना सोबत घेऊन परत आलाय."

"आणि गोळ्या?"

"गोळ्यांनी काही होत नाही. मला पक्कं ठाऊक आहे."

भक्तीच्या भरात माणूस असं बोलतो तेव्हा आवाज चढतो. भाऊ मात्र थकून बोलला होता, हिशेब चुकल्यासारखा. आत्याच्या मनात ते वाक्य खड्यासारखं रुतून बसलं.

डॉक्टरीणबाई स्पष्टवक्त्या होत्या. "सोमवारच्या रक्तात औषधाचा अंशही नाही. घरचे सांगतात, सात महिन्यांपूर्वीच फेकून दिलं. माझा विश्वास बसत नाही. अशी झटक्यांची माळ औषध अचानक तुटल्यावर लागते, साधारण पंधरा दिवसांत. सात महिन्यांपूर्वी तुटलं असतं तर तेव्हाच लागली असती."

"पुन्हा लागली तर?"

"इथे आम्ही थांबवू शकलो. तिथे कोण थांबवणार?"

शेजारी तारांचा गुंता सोडवत बसलेली नर्स करवादली. "आणि मेंदूचा आलेख काढायचा तर डोक्याला तारा चिकटत नाहीत. किती ते तेल! दोनदा धुतले केस."

आत्या जागच्या जागी उभी राहिली. तेलामुळे नव्हे. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याचा अर्थ तिला आता लागला होता. पोरीनं सात महिन्यांपूर्वी गोळ्या फेकल्या, पण गोळ्यांनी पोरीला सोडलं नव्हतं. कुणीतरी त्या तिला चोरून देत होतं.

२

चिऊ उशीला टेकून बसली होती. कपाळावर सात टाके होते आणि जीभ चावल्यामुळे बोलणं बोबडं येत होतं.

"आत्या, मीच कुठेतरी कमी पडले गं."

"कमी पडली नाहीस, चांगली जोरात पडलीस. कपाळ बघ आरशात." आत्यानं तिचा हात हातात घेतला. "गोळ्या फेकल्यास त्या दिवशी काय झालं?"

"पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. अंगभर ऊब फिरली. वाटलं, सुटले. मी पर्समधली पाकिटं काढली आणि सगळ्यांसमोर टोपलीत टाकली. बाबांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात. त्यानंतर मी एकही गोळी तोंडात घातली नाही. शपथ."

खोटं बोलताना या पोरीचे कान लाल होतात, हे आत्याला तिच्या लहानपणापासून माहीत होतं. कान पांढरेफटक होते.

"बरं. आणि गेल्या दोन आठवड्यांत काय बदललं? खाण्यापिण्यात, झोपेत?"

आता मात्र कान तापले. चिऊनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "ते माझं आणि देवाचं आहे. तुलाही सांगणार नाही."

"सांगितलं नाहीस तर उद्या तुला घेऊन जातील."

"मीच जाणार आहे," चिऊ म्हणाली. "मला सुटायचंय, आत्या. मेले तरी चालेल, पण हे सोबत घेऊन नाही जगायचं."

एकतीस वर्षांत आत्यानं फार माणसांचं फार काही ऐकलं होतं, पण घरच्या पोरीच्या तोंडून असं कधीच नाही. ती उठली. हातात उद्या संध्याकाळपर्यंतचा वेळ होता, आणि हरायची तिला सवय नव्हती.

३

त्या गोळ्या मिळतील असं दुकान गावात एकच होतं. गल्ल्यावर बसला होता आत्याच्याच हाताखाली शिकलेला औषधवाला. आता टक्कल पडलं होतं, तरी तिला बघून तो विद्यार्थ्यासारखा उभा राहिला.

"चिऊच्या गोळ्या. कोण नेतं?"

"बाई, गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"बरोबर शिकवलं," आत्या चरफडत म्हणाली. आपलीच विद्या अशी उलटते. "नाव नको. दर महिन्याला जातात?"

त्यानं थोडा विचार केला. "जातात."

"बंद कधी झाल्या? पंधरा दिवसांपूर्वी?"

"बंद कुठे? शनिवारीच पाकीट गेलं की. ती पडायच्या दोन दिवस आधी."

आत्यानं काउंटरची कड धरली. तिला वाटलं होतं, देणारा थकला असेल, घाबरला असेल, गावाला गेला असेल. तसं काहीच नव्हतं. गोळ्या घरी येत होत्या आणि पोरीच्या रक्तात नव्हत्या.

मग पंधरा दिवस त्या कुणाच्या पोटात जात होत्या?

४

वहिनी घराच्या मागच्या खोलीत मैद्याची पोती मोजत होती. ती चिऊची सावत्र आई. प्रार्थनाभवनाची पायरी न चढणारी आणि तोंडाची फटकळ, म्हणून मंडळीत तिचं नाव चांगलं नव्हतं. गोळ्या फेकल्या त्या दिवशी 'अक्कलही टोपलीत टाकली का?' असं तिनं नवऱ्याला भर रस्त्यात विचारलं होतं.

आत्यानं आडपडदा ठेवला नाही. "दुधातून देत होतीस ना गोळ्या?"

वहिनीनं पोतं खाली ठेवलं. "ताई, मी दिल्या असत्या तर चौकात उभं राहून सांगितलं असतं. मी कुणाच्या बापाला भिते? चोरून द्यायला मी काय चोर आहे?" आणि मग, इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले. "पण द्यायला हव्या होत्या. सावत्र आहे, म्हणून गप्प बसले. सख्खी असते तर नाक दाबून गिळायला लावल्या असत्या."

आत्याला स्वतःचीच लाज वाटली. तिनं वहिनीच्या पाठीवर हात ठेवला. दोघी पोत्यावरच बसल्या.

"ती काय काय खाते, सांग मला."

"आम्ही खातो तेच. एक सोडून. पहाटे प्रार्थनेला निघते तेव्हा बापाच्या हातचा बन. ताजा, आत जॅम भरलेला, कागदी पिशवीत घालून देतात. जीव की प्राण आहे तिचा तो. आधी लाल जॅम असायचा. हल्ली संत्र्याच्या सालीचा, कडसर. खास तिच्यासाठी वेगळी बाटली. मी एकदा बोट घातलं तर अंगावर धावून आले."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"झाले की सहासात महिने."

म्हणजे गोळ्या फेकल्या तेव्हापासून, आत्यानं मनात जोडलं.

"आणि पोरीचंही डोकं फिरलंय," वहिनी पुढे म्हणाली. "जन्मात केसांना तेल लावलं नाही. आता दोन आठवडे रोज तोंड घासून धुते, डोक्यावर तेल थापते. उशांच्या अभ्र्यांची वाट लागली. विचारलं तर नुसती हसते."

भावानं बन बंद केला नव्हता. पोरीनं नाकारलाही नव्हता; पिशवी घेऊन ती रोज बाहेर पडत होती. घर ते प्रार्थनाभवन ही दहा मिनिटांची वाट, आणि त्या वाटेवर बन नाहीसा होत होता.

५

प्रार्थनाभवन म्हणजे एके काळचं गोदाम. उंच छत, लोखंडी खुर्च्या, समोर लाकडी मंच आणि मंचाच्या कडेला फळ्यांच्या आडोशामागे ऑर्गन. पास्टर एकटेच खुर्च्या लावत होते. दोन्ही बाह्या वर केलेला, घाम पुसत काम करणारा माणूस. आत्याला तो बरा वाटला, आणि रागही आला.

"तुम्ही तिला गोळ्या फेकायला सांगितलंत?"

"नाही. कुणालाही सांगत नाही." ते थांबले. "तिनं फेकल्या तेव्हा थांबवलंही नाही. लोक टाळ्या वाजवत होते, बाई. टाळ्या मलाही आवडतात."

एवढा खरेपणा आत्याला अपेक्षित नव्हता. तिनं आवाज खाली आणला. "रविवारच्या साक्षीची तयारी कशी करतात?"

"आमच्याकडे नियम आहे. साक्ष देणाऱ्यानं आधी एकवीस दिवस उपास करायचा. सगळं अन्न नाही, आपल्याला सर्वांत प्रिय असेल ती एक गोष्ट सोडायची. कोणती, ते मलाही सांगायचं नाही. सांगितलं की उपास मोडला. प्रभूनं शिकवलंच आहे, उपास करताना उदास दिसू नका. तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका."

"डोक्याला तेल," आत्या हळूच म्हणाली आणि बोटांवर मोजू लागली. येत्या रविवारी एकविसावा दिवस. म्हणजे सोमवारी, ती पडली तेव्हा, पंधरावा.

तेवढ्यात आडोशामागून कुणीतरी पुटपुटलं. ऑर्गनमास्तर पट्ट्यांवर फडकं मारत होते. साठीपुढचे, एकटे राहणारे, किडकिडीत गृहस्थ.

"मुंग्या!" ते वैतागले. "ऑर्गनला मुंग्या लागलेल्या ऐकल्यात कधी?"

"मास्तर आता ताजेतवाने आहेत," पास्टर कौतुकानं म्हणाले. "मधे दोन आठवडे नुसते पेंगायचे. सुरुवातीचा सूर दिला, गाणं सुरू झालं की मान खाली. सोमवारी दुपारी मी हात ठेवून झोपेच्या आत्म्याला घालवलं. बुधवारपासून टक्क जागे!"

आत्या ऑर्गनजवळ गेली. मुंग्यांची रांग झाकणाच्या कडेवरून पट्ट्यांच्या फटीत उतरत होती. तिनं फटीतून नखानं काहीतरी खरवडलं. चिकट, नारिंगी होतं. जिभेच्या टोकावर ठेवलं. संत्र्याची साल, आणि त्याच्याखाली दुसरा एक कडवटपणा, जो तिनं एकतीस वर्षं खलबत्त्यात कुटला होता.

"मास्तर," ती म्हणाली, "उद्या सकाळी दहाला रुग्णालयात या. पास्टर, तुम्हीही. आणि मास्तर, सोमवारी सकाळी ऑर्गनला हात कुणी लावला होता?"

"सूर दिल्यानंतर, देवाशप्पथ, मी हात लावला नव्हता!"

"मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "हात नव्हता लावला."

६

शुक्रवारी दहा वाजता चिऊच्या खाटेभोवती सगळे जमले. भाऊ उभाच राहिला. त्यानं सोबत चादर आणली होती, पोरीला गुंडाळून न्यायला.

"ऑर्गनपासून सुरुवात करू," आत्या म्हणाली. "मास्तर, पहाटे ऑर्गनच्या झाकणावर रोज काय सापडायचं?"

मास्तरांनी खाली मान घातली. "बन. कागदी पिशवीत. कुणी ठेवला ठाऊक नाही. देवानं दिलं, खाल्लं. देवाकडे चौकशी कुठे करू? सांगितलं असतं तर बंद झाला असता."

"कसा लागायचा?"

"कडसर. म्हटलं, संत्र्याची साल असेल."

"त्यात सालीखेरीज झटक्यांची गोळी होती. सवय नसलेल्या म्हाताऱ्यानं ती रोज खाल्ली तर तो पेंगणारच. सोमवारी हे गाण्यातच गाढ झोपले आणि कपाळ पट्ट्यांवर आपटलं. दहाबारा सूर एकदम, आणि थांबेचनात. एवढा आवाज काढायला दुष्टात्म्याची गरज नाही, डोकं जड झालं की पुरे. मास्तर, जायच्या आधी डॉक्टरीणबाईंना दाखवून जा."

पास्टरांच्या ओठांवर हसू आलं होतं, ते ओसरलं. "म्हणजे बुधवारी ते जागे झाले ते..."

"सोमवारनंतर बन ठेवणारी इथे खाटेवर होती म्हणून."

सगळ्यांनी चिऊकडे पाहिलं. तिचे कान टोमॅटोसारखे झाले होते.

"ही पंधरा दिवस उपासात होती," आत्या पुढे म्हणाली. "तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून, नियमाप्रमाणे कुणाला न सांगता. दारातून पिशवी हसत घ्यायची आणि ऑर्गनवर ठेवायची. मास्तरांना सकाळचं कुणी करून घालणारं नाही, हे तिला माहीत होतं. देणाऱ्याला वाटत होतं, ती खाते. आणि देणारा कोण, ते त्यानं मला काल याच दारात सांगितलं. 'गोळ्यांनी काही होत नाही, मला पक्कं ठाऊक आहे.' पोरीनं गोळ्या सोडल्यात असं मानणाऱ्याला ते कुठून ठाऊक असणार, भाऊ? ज्यानं रोज दिल्या आणि तरी पोर पडलेली पाहिली, त्यालाच ना?"

चादर भावाच्या हातातून खाली पडली. तो खाटेच्या कडेला बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडू लागला.

"एक दिवस चुकवला नाही, ताई," तो हुंदक्यांमधून म्हणाला. "कुटून, जॅममध्ये कालवून. भरल्या मंडळीत टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन पाकीट आणलं. माझा विश्वासच कमी पडला. सांगायची छाती झाली नाही. आणि एवढं करूनही पडली, म्हणून वाटलं, आता हे औषधापलीकडचं आहे."

"तिनं खाल्लाच नाही हो तो," वहिनी म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता.

चिऊ बापाकडे बघत होती. "सर्वांत आवडतं तेच सोडायचं असतं ना, बाबा," ती म्हणाली. "मी खूप विचार केला. मला तुमच्या हातचा बनच सर्वांत आवडतो."

भाऊ आणखीनच कोसळला. आत्याला स्वतःचे डोळे पुसायला पदर सापडेना.

पण चिऊचा चेहरा हळूहळू कठीण झाला. "म्हणजे मी बरी झालेच नव्हते. सात महिने सगळ्यांनी मला खोटं जगवलं. मला विचारलं का कुणी? मी लहान आहे?"

पास्टर पुढे झाले. "रविवारी साक्ष मी देईन. टाळ्यांची. त्या दिवशी टोपलीतून पाकिटं उचलून तुझ्या हातात परत द्यायला हवी होती, हे सांगेन. लोक निघून गेले तर गेले." त्यांनी चादर उचलून घडी केली. "आणि प्रार्थना इथेच करू, तू म्हणशील तर. पाणी पिऊन."

चिऊनं हात पुढे केला. "बाबा, गोळी द्या. कुटून नाही. आख्खी."

भावानं खिशातून पाकीट काढलं. आत्यानं नर्सला हाक मारली, नर्सनं कागद बघून मान डोलावली, तेव्हाच ती गोळी पोरीच्या तळहातावर पडली. दुसऱ्या खिशातून भावानं कागदी पिशवी काढली. सवयीनं पहाटे केला होता बन, आज लाल जॅमचा.

"तो ठेवा," चिऊ म्हणाली. "अजून दोन दिवस आहेत."

"पण आता सगळ्यांना कळलं. उपास मोडला ना?" मास्तरांनी पिशवीकडे बघत आशेनं विचारलं.

"मी सांगितलं नाही. आत्यानं सांगितलं. मी पुरा करणार." तिनं गोळी मुठीत धरली. "प्रार्थना करू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. वहिनीनंसुद्धा. चिऊची प्रार्थना लांबली. मग पाण्याचा घोट गेल्याचा आवाज आला आणि 'आमेन' झालं.

"बाबा," चिऊ म्हणाली, "तुमचे डोळे उघडे होते. प्रार्थनेत मिटायचे असतात."

"माहीत आहे," भाऊ म्हणाला. "पण मला तू गोळी घेताना बघायचं होतं."